दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या बसल्या काय काय बघायचं

नवीन एरियात राहायला गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न दूधवाल्याचा आणि दुसरा डॉक्टरचा. आणि उत्तरं काय येतात, तर "हाताला गुण आहे", "एका इंजेक्शनात उभं करतात", "स्वभाव फार छान". आता या तिन्ही गोष्टी खऱ्याही असतील, पण दवाखाना सेफ आहे की नाही ते यातून काडीचं कळत नाही. मी अकरा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी होतो, कल्याणपासून तिकडे कसारा आणि इकडे कर्जतपर्यंत बॅग घेऊन हिंडायचो, दिवसाला दहाबारा कॉल, आणि कॉल म्हणजे डॉक्टरसमोर दोन मिनिटं आणि त्याच्याआधी पाऊण तास बाकड्यावर. त्या पाऊण तासात जे दिसतं ते पेशंटला दिसत नाही कारण तो बिचारा तापाने फणफणलेला असतो. डॉक्टरचं ज्ञान तुम्हीआम्ही तपासू शकत नाही, पण सवयी दिसतात, आणि मी जे घोळ बघितलेत ते बरेचसे सवयीचेच होते.

आधी एक गोष्ट डोक्यात घ्या की तुमच्या गल्लीतल्या एका खोलीच्या दवाखान्याची नियमित तपासणी करून कोणी त्याला शेरा देत नाही. महाराष्ट्रात नर्सिंग होमचा कायदा आहे १९४९ चा, पण तो खाटा असलेल्या हॉस्पिटलांसाठी, आणि केंद्राने २०१० साली जो क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला तो आपल्या राज्याने घेतलाच नाही. माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, तिकडे साध्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात (पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मला वाटलं ह्याचं ऑपरेशन आहे), तर तिथे तपासनीस येऊन दवाखान्याला शेरा देतात, 'आउटस्टँडिंग'पासून 'इनॅडिक्वेट'पर्यंत चार पायऱ्या, आणि तो शेरा दवाखान्यात लोकांना दिसेल असा लावावा लागतो. आपल्याकडे दारात लिंबू-मिरची असते. म्हणजे तपासनीस आपणच.

तर सुरुवात पाटीपासून. पाटी पूर्ण वाचायची, नुसतं 'डॉ.' बघून आत नाही जायचं. डिग्री काय आहे आणि तिच्याखाली रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते बघा, ॲलोपॅथीच्या डॉक्टरने हा नंबर दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पावती सगळ्यावर टाकायचा असा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच नियम आहे. नंबर मिळाला की महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का बघायचं, दोन मिनिटांचं काम. आयुर्वेदवाल्यांचं आणि होमिओपॅथीवाल्यांचं काउन्सिल वेगळं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर नाव सापडलं नाही म्हणून उगाच एखाद्या चांगल्या माणसाला बोगस ठरवाल. कंसात 'एएम' लिहिलेला एमडी दिसला तर मात्र सावध, ते ऑल्टरनेटिव्ह मेडिसिन असतं, आपण समजतो तो एमडी नाही.

बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डिग्री घेतलेल्या डॉक्टरला नाक मुरडणाऱ्यातला मी नाही. मुरबाड-शहापूरच्या आतल्या गावात रात्री दोनला दार उघडणारा माणूस कितीतरी ठिकाणी बीएएमएसच असतो. कोणी काय लिहून द्यावं, होमिओपॅथीवाल्याने एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केला तर त्याला ॲलोपॅथीची औषधं देता यावीत का, यावर आपल्याकडे कोर्टकज्जे आणि संप चालूच असतात, त्यात मी पडत नाही. पण एक खटला माहीत असू द्या. मुंबईतलाच, होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला, बायको सुप्रीम कोर्टापर्यंत लढली आणि १९९६ साली कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, की जी पॅथी तू शिकला नाहीस तिच्यात हात घातलास हाच निष्काळजीपणा. त्यामुळे सरळ विचारायचं, "डॉक्टर, तुमचं शिक्षण कशातलं?" ज्याचं स्वच्छ आहे तो सांगतो, आणि जो चिडतो त्याच्याकडे मी तरी परत जाणार नाही. अजून एक, डॉक्टर बाहेर गेलेत आणि कंपाउंडरच "सर येतील तोवर घ्या हे" म्हणून गोळ्या देतोय, असं दोनदा दिसलं की तो दवाखाना यादीतून कट.

आता इंजेक्शन. यावर मी जास्त लिहिणार कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे.

एक दवाखाना होता, गाव-नाव काही सांगत नाही, गर्दी एवढी की चपला ओलांडून आत जावं लागायचं. बाजूच्या टेबलावर स्टीलचा ट्रे, त्यावर हिरवं कापड, आणि त्यावर डायक्लोची, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या औषधाची, तीस एमएलची बाटली. त्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खुपसून ठेवलेली, डोक्यावर अँटेना लावल्यासारखी. कंपाउंडर प्रत्येक पेशंटला सिरिंज नवी फोडायचा, हे कबूल, पण ती सिरिंज त्या उभ्या सुईला जोडून औषध ओढायचा आणि मग दुसरी सुई लावून टोचायचा. पेशंटला वाटायचं सगळं नवीन आहे. पण ती उभी सुई म्हणजे बाटलीला पाडलेलं भोक, धूळ-जंतू सगळ्यांना आत जायला दार उघडं. आणि गर्दीत एकदा जरी कोणाला टोचलेलीच सिरिंज "अजून अर्धा एमएल दे" म्हणून परत त्या बाटलीला लागली, की त्या माणसाच्या रक्ताचा अंश बाटलीत आणि बाटलीतून पुढच्या वीस जणांत. सुई बदलली तरी उपयोग नसतो, रक्त सिरिंजमध्येही मागे ओढलं जातं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एका भोंदू डॉक्टरने एकच सुई सगळ्यांना वापरली म्हणून कितीतरी लोकांना एचआयव्ही झाल्याची बातमी आठवत असेल. मी त्या दवाखान्यात तेव्हा एक शब्द बोललो नाही. माझं महिन्याचं टार्गेट त्या डॉक्टरवर होतं, खरं तेच सांगतो.

तर बघायचं असं, सिरिंजचं पाकीट आपल्या डोळ्यासमोर फाडलं पाहिजे, बाटलीचं बूच स्पिरिटच्या कापसाने पुसलं पाहिजे, बुचात आधीपासून सुई नको, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिलेली असेल तर सोन्याहून पिवळं. टोचून झालं की सुईला परत टोपण न लावता तिथल्या तिथे नीडल कटरमध्ये. आणि हे बोलायचं कसं, तर वाद घालून नाही. "दादा, जरा माझ्यासमोर फोडता का, मला सुयांची फार भीती आहे", भीती आपल्या अंगावर घ्यायची म्हणजे समोरच्याचा इगो शाबूत राहतो आणि काम होतं. शंभरात नव्याण्णव जण हसून फोडतात.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न, इंजेक्शन पाहिजेच कशाला? साध्या तापाला, सर्दीला, अंगदुखीला गोळीने भागतं. आपल्या लोकांनाच ते लागतं, सुई टोचली नाही तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं, माझी आई तर आमच्या आत्ताच्या डॉक्टरांना याच कारणाने नावं ठेवते, "एवढी फी घेतात आणि नुसतं बोलून पाठवतात." सलाईनचंही तेच. अर्धा लिटर नॉर्मल सलाईन म्हणजे पाणी आणि त्यात साडेचार ग्रॅम मीठ. पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर. ज्याला तोंडाने पाणी जातंय, उलटी थांबलेली आहे, त्याला ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून दिलं तरी चालतं, पण "अशक्तपणाला बाटली लावा" म्हणत बैलगाडी करून आलेले लोक मी बघितलेत, डॉक्टर तरी काय करणार, नाही लावली तर शेजारच्याकडे जातात. आणि पावसाळ्यात तर विशेष सांभाळा, डेंग्यूची साथ असते, त्यात डायक्लो किंवा ब्रुफेनसारखं औषध रक्तस्राव वाढवू शकतं, तेव्हा तापाला पॅरासिटामॉल आणि "डॉक्टर, डेंग्यू असू शकेल का" हा प्रश्न आधी. गुडघेदुखीला, दम्याला "जादूचं इंजेक्शन" देणारा भेटला तर त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट नाही, कित्येकांचा जीव वाचवतं, पण नाव न सांगता महिन्याला एक असं चालू असेल तर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शुगरवाल्या आजोबांना कळतही नाही की अचानक तीनशे का आली.

सुईच्या जोडीने अजून दोन बारीक वस्तू बघून ठेवा. एक, बोटाला टोचून शुगर बघतात ते पेन. आतली सुई बदलली तरी पेन एकाचंच असावं लागतं, त्याच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं, दवाखान्यात सगळ्यांना मिळून एकच पेन चालू असेल तर सरळ सांगायचं की टोचून फेकायची वेगळी सुई वापरा. दुसरं, लहान पोरांना वाफ देतात तो नेब्युलायझरचा मास्क, एकाच्या तोंडावरून काढून तसाच दुसऱ्याच्या तोंडावर. आम्ही मुलीचा मास्क आणि कप घरचा नेतो, स्वस्तात मिळतो.

कचऱ्याच्या बादल्यांवर नजर टाका. २०१६ च्या नियमांनी रंग ठरवून दिलेत, रक्ताचा कापूस-बोळे पिवळ्यात, सिरिंज-नळ्या-हातमोजे लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून संध्याकाळी घंटागाडीत जात असेल तर जो माणूस घंटागाडीवाल्याच्या हाताचा विचार करत नाही तो तुमच्या दंडाचा किती करेल हा हिशोब तुम्हीच करा. टाके घालणारा दवाखाना असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, आहे का विचारा, नुसतं गरम पाण्यात बुडवून काढलेली कात्री पुरत नाही.

बाळाच्या लसी प्रायव्हेटला घेत असाल तर फ्रीज. लसीला २ ते ८ डिग्री लागतं, त्यामुळे फ्रीजमध्ये थर्मामीटर हवा आणि रोजच्या नोंदीचा कागद हवा. फ्रीज उघडल्यावर आत लसीशेजारी डॉक्टरांचा डबा, दाराच्या कप्प्यात लसी, असं दिसलं की मला कसंतरीच होतं, दार सारखं उघडतं तिथे तापमान टिकत नाही. ज्या बाटलीवर गोल आणि त्यात चौकोन असतो तो चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला पाहिजे, सारखा किंवा गडद झाला तर ती लस बाद, हे आशाताईंना विचारा, त्या झोपेतही सांगतील. टोचायच्या आधी बाटली हातात घेऊन नाव आणि एक्सपायरी वाचायला मागायची, यात लाजण्यासारखं काही नाही. लाइट गेल्यावर काय करता हेही विचारा, बदलापूरच्या पलीकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

बीपी. जिना चढून धापा टाकत आलात आणि बसल्या बसल्या शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला, हात लटकता, आणि डॉक्टर विचारतायत "काय म्हणतो मुलगा, लागला का कुठे", तर जो आकडा येईल त्याला काही अर्थ नाही. पाच मिनिटं शांत, पाठ टेकून, हात टेबलावर, पट्टा छातीच्या लेव्हलला, बोलणं बंद. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तरी आकडा जास्त येतो. एकाच वेळच्या आकड्यावर कोणी जन्माची गोळी सुरू करत असेल तर आठवडाभर घरी मोजून परत येतो म्हणा (अगदीच १८०च्या वर वगैरे असेल किंवा छातीत दुखत असेल तर नाही, तेव्हा थांबायचं नाही).

केबिनमध्ये गेल्यावर मी तीन प्रश्नांची वाट बघतो: कशाची ॲलर्जी आहे का, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का. हे न विचारता पेन चाललं तर आपणच सांगायचं. आमच्या आईचंच उदाहरण, बीपीसाठी एका डॉक्टरची गोळी चालू होती, गुडघ्यासाठी दुसऱ्यांकडे गेली, त्यांनी बीपी बघितलं आणि अजून एक गोळी दिली. दोन ब्रँड, दोन रंग, आणि आत दोन्हींत तेच टेल्मिसार्टन ४०. आठ दिवसांनी देवापुढे दिवा लावून उठताना चक्कर येऊन पडली. मी औषधं विकण्यात आयुष्य घालवलेला माणूस, आणि घरातली दोन पाकिटं शेजारी ठेवून वाचली नव्हती. तेव्हापासून एक प्लास्टिकची पिशवी ठरलीय, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यात, आयुर्वेदिक चूर्ण, मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेलं, सगळं, आणि प्रत्येक डॉक्टरसमोर ती टेबलावर ओतायची.

पुडी हा आपल्याकडचा खास प्रकार. पांढऱ्या कागदात एक गुलाबी, एक पिवळी, अर्धी पांढरी, सकाळ-संध्याकाळ, नाव नाही गाव नाही. रात्री अंगावर पित्त उठलं आणि तुम्ही हॉस्पिटलला गेलात तर तिथले डॉक्टर विचारणार काय घेतलं, आणि तुम्ही सांगणार "गुलाबी". त्यामुळे पुडी देतायत तर द्या, पण नावं लिहून द्या, हा आग्रह धरायचाच. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव, तेही वाचता येईल असं लिहावं हे नियमात आहे. आणि आजाराचं नाव, तुमचं वय, लहान पोराचं वजन लिहिलंय का बघा, पोरांचा डोस वजनावर असतो, "अर्धा चमचा" हा डोस नाही, बाटलीबरोबरच्या मापाने एमएलमध्ये सांगा म्हणायचं. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची मिक्स सिरपं मागूच नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली, त्यातली कितीतरी नागपूरला आणली होती, ते विसरण्यासारखं नाही. तिथे दोष सिरपमध्ये मिसळलेल्या विषारी केमिकलचा होता, पण ज्या खोकल्याला सिरप लागतच नाही त्याला ते द्यायचं कशाला.

अँटिबायोटिकवर एकच प्रश्न, "हे इन्फेक्शन व्हायरल आहे की बॅक्टेरियाचं, आणि गोळी नाही घेतली तर काय होईल?" साध्या सर्दीला अझिथ्रोचे तीन दिवस म्हणजे आमच्या धंद्याची मेहरबानी. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. टेबलावर सगळं एकाच कंपनीचं, कॅलेंडर त्या कंपनीचं, घड्याळ त्या कंपनीचं आणि चिठ्ठीवर औषधंही त्याच कंपनीची, हे बघायलाही डोळे उघडे ठेवा. २०२४ पासून डॉक्टरांना गिफ्ट द्यायची नाही असा सरकारी कोड आहे म्हणे.

आता एक जरा अवघड वाटणारा प्रश्न. इंजेक्शन किंवा लस देणाऱ्या दवाखान्यात विचारायचं, "रिॲक्शन आली तर ॲड्रिनॅलिन आहे का?" एवढंसं ॲम्प्यूल असतं, स्वस्त, पण ज्याचा घसा सुजत चाललाय त्याला ते मांडीत लगेच मिळालं तर मिळालं, तिथे ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन) आणि सलाईनवर वेळ घालवून चालत नाही. चांगल्या ठिकाणी ट्रेवर तारीख बघून ठेवलेलं असतं, ऑक्सिजन असतो, आणि इंजेक्शननंतर "पंधरावीस मिनिटं बाहेर बसा" असं सांगतात. जिथे टोचून लगेच "चला, नेक्स्ट" तिथे तुम्ही स्वतःहून बसा. १०८ नंबर तर पाठच असू द्या.

सरकारी दवाखाना यात आपोआप वाईट ठरतो असं समजू नका. भिंतीवर 'कायाकल्प' या सरकारच्या स्वच्छतेच्या बक्षिसाची पाटी असलेली पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मी बघितलीय जिथे बादल्यांचे रंग, सुईचा डबा, लसीच्या फ्रीजची नोंदवही सगळं कुठल्याही चकाचक क्लिनिकपेक्षा नीट होतं, कारण तिथे खरंच कोणीतरी तपासायला येतं. एसी आणि मत्स्यपेटी यांचा सुरक्षिततेशी काही संबंध नाही.

आणि काही चुकलंच तर. पहिलं डॉक्टरशीच बोला, शांतपणे, घरातला एकच माणूस. पुष्कळदा गैरसमज असतो आणि कधी कधी डॉक्टर चूक मान्यही करतात, मी बघितलंय. पटलं नाही तर कागद मागा, लेखी अर्ज करून आणि पोच घेऊन, २००२ च्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. गोळ्यांची पाकिटं, पुडीचा कागद, पावती फेकू नका, फोटो काढा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे १९९५ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. वेळ लागतो, वर्षंही जातात, खोटं कशाला सांगू. पण काचा फोडायला जाणाऱ्या भाच्या-पुतण्यांना घरीच थांबवा, २०१० च्या राज्याच्या कायद्यात दवाखान्यावरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि एकदा काच फुटली की तुमच्या तक्रारीबद्दल कोणी बोलत नाही, सगळे त्या काचेबद्दलच बोलतात.